म्योटलिंगेनचं प्रकरण: एका पाळकाचा अधिकार आणि एका बाईचं बरं होणं

1844 च्या ऑगस्टमध्ये दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग राज्यात एका खेड्याच्या पाळकाने आपल्या चर्चच्या वरिष्ठ मंडळाला एक गोपनीय अहवाल पाठवला. मंडळानेच तो मागवला होता. आसपासच्या गावांतून तक्रारी येत होत्या, अफवांना ऊत आला होता आणि या खेड्यात नेमकं काय घडलं हे वरिष्ठांना कळायला हवं होतं. पाळकाचं नाव योहान क्रिस्टोफ ब्लूमहार्ट, गाव म्योटलिंगेन. अहवालाला त्यांनी दिलेलं नाव एखाद्या डॉक्टरच्या टिपणाला शोभावं असं होतं: गॉट्लीबिन डिटुस हिच्या आजाराचा वृत्तांत. ख्रिस्ती जगात आजारपण, अशुद्ध आत्मे आणि विश्वासाने बरं होणं यांविषयी गेल्या दोनशे वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यात इतका तपशीलवार आणि लिहिणाऱ्यालाच अवघड वाटणारा कागद मला दुसरा माहीत नाही.

हे प्रकरण निवडण्याचं कारण सरळ आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये, विशेषतः गेल्या काही दशकांत, ‘अधिकार’ हा शब्द प्रार्थनेत फार मोठ्याने येऊ लागला आहे. येशूच्या नावात मी या आजाराला आज्ञा करतो, या कॅन्सरला बांधतो, या साखरेला धमकावतो. मी स्वतः आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणारा माणूस आहे आणि देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच हा अधिकार कुणाचा, कुणावर आणि कोणत्या मर्यादेत, हे नीट पाहणं मला गरजेचं वाटतं. म्योटलिंगेनमध्ये ते जवळून पाहता येतं.

माणसं आणि गाव

ब्लूमहार्ट 1805 मध्ये स्टुटगार्टला जन्मले, ट्युबिंगेनला धर्मशास्त्र शिकले आणि 1830 ते 1837 स्वित्झर्लंडमध्ये बासेल मिशनच्या संस्थेत शिक्षक होते. ते तिथे शिकवत असतानाच, 1834 मध्ये, बासेलचे पहिले मिशनरी मंगळूरला पोहोचले. कोकणातल्या घरांवर पुढे जी मंगलोरी कौलं चढली, त्यांचा धंदा याच मिशनच्या कारखान्यातून उभा राहिला. थोडक्यात, ब्लूमहार्ट हे कुठल्या कोपऱ्यातले भगत नव्हते. त्या काळातल्या सर्वांत शिस्तबद्ध प्रॉटेस्टंट संस्थांपैकी एका संस्थेत वावरलेले सुशिक्षित पाळक होते. 1838 मध्ये ते काल्व शहराजवळच्या म्योटलिंगेनला आले. त्यांच्या आधीचे पाळक ख्रिस्टियान गॉटलोब बार्थ मोठे वक्ते आणि लेखक होते. पण गावाने इतकी प्रवचनं ऐकली होती की आता कशानेच कुणी हलत नसे. लोक उपासनेत चक्क डुलक्या घेत.

या गावाच्या श्रद्धेला आणखी एक थर होता. रविवारी चर्च, आणि घरात कुणी आजारी पडलं किंवा गोठ्यातली गाय आटली की पुटपुटून करायचे उपचार, बांधायच्या चिठ्ठ्या, जाणत्यांकडे गुपचूप फेऱ्या. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. बाप्तिस्मा झाला, पण संकटात पाय कुठे वळतात हा प्रश्न आपल्याकडच्या मंडळ्यांनाही चुकलेला नाही.

गॉट्लीबिन डिटुस या गावचीच. जन्म 1815 चा, आईवडील वारलेले, लग्न झालेलं नाही, अंगात आजार अनेक. मूत्रपिंडाचा त्रास होता, पोटाचा होता, एक पाय आखूड झालेला. फेब्रुवारी 1840 मध्ये ती आपल्या भावंडांसह एका घराच्या तळमजल्यावर राहायला आली. घरात रात्री आवाज यायचे. तिला आकृती दिसायच्या, झटके यायचे. दोन वर्षं तिने हे कुणाला धड सांगितलं नाही. ब्लूमहार्टांच्या कानावर ते 1842 च्या एप्रिलमध्ये गेलं.

डॉक्टरचा टोमणा

पाळकाला ही बाई आवडत नव्हती, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. भेटायला गेलं की ती नजर फिरवी, प्रार्थनेला हात जोडत नसे, आभाराचा शब्द नाही. सुरुवातीला त्यांनी तिच्यापासून अंतरच ठेवलं. घरातल्या आवाजांची शहानिशा मात्र केली. जून 1842 मध्ये तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर श्पेट आणि काही माणसं त्या घरात रात्रभर राहिली. पुढे ब्लूमहार्ट स्वतः गावचा प्रमुख आणि इतर विश्वासू माणसं घेऊन गेले. आवाज सगळ्यांनी ऐकले. जमिनीखाली पुरून ठेवलेल्या वस्तू सापडल्या, त्यात हाडंही होती. गावात लगेच मुलाच्या हाडांची कुजबुज सुरू झाली असणार. ब्लूमहार्टांनी ती हाडं तपासायला दिली आणि ती पक्ष्यांची निघाली. पूर्ण प्रकरणात मला ही बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याला सैतानाशी लढायचं होतं, त्याने आधी हाड कुणाचं ते विचारून घेतलं.

यानंतर त्यांनी तीन गोष्टी केल्या. गॉट्लीबिनला त्या घरातून नातेवाइकांकडे हलवलं. दिसणाऱ्या आकृतीशी बोलायचं नाही, तिला काही विचारायचं नाही, असं बजावलं. आणि बघ्यांची गर्दी होऊ नये म्हणून गावात गाजावाजा टाळला. आज अशा ठिकाणी सर्वांत आधी मोबाइल बाहेर निघतो. ब्लूमहार्टांनी सर्वांत आधी दार लावलं.

खरा धक्का दिला तो डॉक्टरने. रुग्णाला झटक्यांत तळमळताना पाहून डॉक्टर श्पेट अशा अर्थाचं बोलले, की या गावात पाळक आहे की नाही, म्हणून बाईला असंच टाकून दिलंय. हे काही नैसर्गिक नाही. ते वाक्य ब्लूमहार्टांना झोंबलं. म्हणजे या गोष्टीत वैद्यक एका बाजूला आणि विश्वास दुसऱ्या बाजूला, अशी फळी सुरुवातीपासूनच नाही. औषध देणाऱ्यानेच आपलं काम कुठे संपतं ते सांगितलं आणि पाळकाला त्याच्या कामावर बोलावलं.

त्यानंतरच्या एका झटक्यात, तिचं शरीर ताठ झालेलं असताना, ब्लूमहार्टांनी तिचे हात एकत्र धरले, तिला नावाने हाक मारली आणि प्रार्थना करायला सांगितलं: प्रभू येशू, मला मदत कर. सैतान काय करतो ते आपण पुष्कळ पाहिलं, आता येशू काय करू शकतो ते पाहू या, असं ते म्हणाले. झटका थांबला.

या क्षणाकडे नीट पाहायला हवं, कारण आजच्या बहुतेक प्रवचनांत तो चुकीचा सांगितला जातो. ब्लूमहार्टांनी इथे आजाराला हुकूम सोडलेला नाही. आजारी बाईला तिच्याच तोंडून प्रार्थना करायला लावली, आणि तीही मदतीची याचना. जिची इच्छा, जिचा आवाज, जिचं शरीर तिच्या ताब्यात राहिलं नव्हतं, तिला आधी तिचा आवाज परत दिला.

दीड वर्ष

इथे गोष्ट संपली असती तर एक चांगली साक्ष झाली असती. पण ती दीड वर्ष चालली, आणि दरवेळी वाटलं की संपलं, तेव्हा अधिक वाईट रूपात परत आली. अनेक आवाजांनी बोलणं, आत्महत्येचे प्रयत्न, शरीरातून खिळे, टाचण्या आणि काचा निघणं. हे शेवटचं लिहिताना ब्लूमहार्टांनाच संकोच वाटत होता. आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे त्यांना दिसत होतं. मी त्या वस्तूंचं स्पष्टीकरण देणार नाही. आज कुणी मनोविकारतज्ज्ञ त्या नोंदी वाचून वेगळं निदान करेल, आणि ते निदान ऐकून घेण्यात विश्वासाचं काही नुकसान नाही. ब्लूमहार्टांनी जे पाहिलं ते लिहिलं आणि ते वरिष्ठांच्या तपासणीला ठेवलं, एवढं मला पुरेसं आहे.

या दीड वर्षात त्यांनी काय केलं नाही, ती यादी अधिक बोलकी आहे. ते एकटे कधी गेले नाहीत. गावचा प्रमुख क्राउसहार आणि मोझे श्टांगर असे साक्षीदार बरोबर असत. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे, अनेकवचनात, आणि ब्लूमहार्टांनी ते अनेकवचन पाळलं. काठी किंवा चाबूक उचलला नाही. कुठला विधी, कुठलं सूत्र, कुठली पवित्र वस्तू वापरली नाही. मोह झाला होता, तसे सल्लेही येत होते. पण जादूटोण्याशी लढताना जादूची हत्यारं हातात घ्यायची नाहीत हे त्यांचं पक्कं होतं. प्रार्थना आणि पवित्र शास्त्रातलं वचन, आणि पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानातला सतरावा अध्याय (असा आत्मा प्रार्थना आणि उपासाशिवाय निघत नाही) आठवून उपास, एवढंच.

नाव घेतलं म्हणजे अधिकार आला असं होत नाही, हे प्रेषितांच्या कृत्यांत स्किवाच्या सात मुलांच्या हकिकतीत फार स्पष्ट आहे. येशूचं नाव त्यांनी मंत्रासारखं वापरलं आणि उघडे, जखमी होऊन पळाले. ब्लूमहार्टांना या फरकाची जाणीव होती म्हणून त्यांच्या अहवालात विजयाची भाषा इतकी कमी आणि थकव्याची इतकी जास्त आहे. अधिकार त्यांच्याकडे होता का? माझं उत्तर होकारार्थी आहे. पण तो उसना होता, आणि उसनं आहे हे रोज आठवत राहणं हाच त्याचा मोठा भाग होता. मुखत्यारपत्र घेऊन कोर्टात उभा राहणारा माणूस मालकाची जमीन स्वतःच्या नावावर करू लागला, तर त्याचा कागद रद्द होतो, तसंच काहीसं.

1843 च्या नाताळात शेवटची आणि सर्वांत तीव्र अवस्था आली. आता गॉट्लीबिनचा डोळ्यांनी अधू असलेला भाऊ आणि बहीण काटारीना यांनाही त्रास सुरू झाला. 28 डिसेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास काटारीनाच्या तोंडून एक आरोळी पुन्हा पुन्हा निघाली: येशू विजयी आहे! गावातल्या अनेकांनी ती ऐकली. ब्लूमहार्टांच्या समजुतीप्रमाणे ती हरलेल्या शक्तीची कबुली होती. सकाळपर्यंत सगळं शांत झालं आणि परत आलं नाही. गॉट्लीबिनचे जुने शारीरिक आजारही पुढे गेले. ती गावच्या बालवाडीत शिकवू लागली.

बरं होणं कुठून सुरू झालं

गावात नंतर जे झालं त्याची कुणी योजना केली नव्हती. 1844 च्या सुरुवातीला एक माणूस पाळकाच्या घरी आला. गावात बदनाम, चर्चशी घेणंदेणं नाही. त्याला विचारायचं होतं की आपल्याला क्षमा होऊ शकते का. त्याने आपली पापं सांगितली, ब्लूमहार्टांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून क्षमा जाहीर केली. मग दुसरा आला, मग रांग लागली. काही महिन्यांत बहुतेक गाव त्या खोलीतून जाऊन आलं. चोरलेल्या वस्तू परत गेल्या, वैरं मिटली, आणि चिठ्ठ्या-मंत्रांच्या गुप्त फेऱ्यांची कबुली बाहेर आली.

शारीरिक बरं होणं इथे आलं, आणि ते न मागता आलं. सांधेदुखीने ग्रासलेला एक जण कबुलीसाठी आला होता. क्षमेसाठी डोक्यावर हात ठेवल्यावर त्याची दुखणी उतरली. ब्लूमहार्टांना त्याचं आश्चर्य वाटलं. मग लोक आजार घेऊन येऊ लागले, दूरदूरच्या गावांतून.

याकोबाचं तेच पत्र दोनच वचनं पुढे एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतं, म्हणजे तुम्ही बरे व्हाल. आपण तेल लावतो, हात ठेवतो, आरोळी मारतो. कबुलीचं वचन मात्र सहसा गाळतो. कारण त्यात प्रार्थना करणाऱ्यालाही उघडं व्हावं लागतं. याचा अर्थ आजार हे पापाचं फळ असा कृपया कुणी काढू नये. योहानाच्या नवव्या अध्यायात येशूने जन्मांधाविषयी तो हिशेब साफ नाकारला आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘तुझ्यात काही लपलेलं पाप असेल’ म्हणणारे मी पाहिले आहेत, आणि त्याहून क्रूर सेवा मला ठाऊक नाही. म्योटलिंगेनमध्ये लोक आपण होऊन आले. कुणी त्यांना आजाराच्या धाकाने कबुलीला बसवलं नाही.

मनाईहुकूम

डॉक्टरांनी तक्रार केली, शेजारच्या पाळकांनी केली, कारण त्यांची माणसं म्योटलिंगेनला जात होती. गोपनीय अहवालाच्या नकला दरम्यान बाहेर फुटल्या होत्या, त्याही मोडतोड होऊन. 1846 मध्ये वरिष्ठांनी हुकूम काढला: आजार बरे करणं पाळकीय कामात मिसळू नये, रुग्णांना वैद्यकीय उपचारांकडे पाठवावं.

ब्लूमहार्टांनी हुकूम पाळला. बाहेरून येणाऱ्यांवर हात ठेवणं बंद केलं. लोकांना सांगितलं की उपासनेत शांत बसा आणि वचन ऐका. तरीही काही जण तिथेच, बाकावर बसल्याबसल्या बरे झाल्याचं सांगत राहिले.

माझ्या मते अधिकाराची खरी परीक्षा डिसेंबर 1843 मध्ये झाली नाही, ती इथे झाली. ज्याच्या गावात असं काही घडलं आहे, त्याला वेगळी मंडळी काढणं किती सोपं होतं! छळ झाला असं म्हणायचं, अभिषिक्ताला हात लावू नका हे वचन काढायचं, आणि आपल्या नावाची पाटी लावायची. ब्लूमहार्ट चर्चच्या शिस्तीत राहिले. 1850 मध्ये जाहीर आरोपांना लेखी उत्तर दिलं, पण वरिष्ठांशी तोडलं नाही.

शिस्तीच्या बाहेर गेलेला अधिकार काय करतो याचं उदाहरणही नोंदलेलं आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात होबार्ट फ्रीमन हे जुन्या कराराचे पदवीधर अभ्यासक. त्यांच्या ‘फेथ असेंब्ली’त औषध घेणं म्हणजे अविश्वास, किंबहुना सैतानाला वाट, असं शिकवलं जाई. बरं झालो असं तोंडाने कबूल करायचं, लक्षणांकडे पाहायचं नाही. या समूहाच्या 1975 ते 1982 मधल्या बाळंतपणांचा सरकारी आरोग्य यंत्रणेने अभ्यास केला. जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण राज्याच्या सुमारे तिप्पट होतं आणि मातांच्या मृत्यूचं प्रमाण शंभरपटीच्या जवळ. त्या माता विश्वासात कमी नव्हत्या. त्यांना चुकीचं शिकवलं गेलं होतं, आणि शिकवणाऱ्याला विचारणारं कुणी उरलं नव्हतं. फ्रीमन यांच्यावर एका मुलीच्या मृत्यूप्रकरणी आरोप ठेवले गेले. खटला चालण्याआधी, डिसेंबर 1984 मध्ये, ते स्वतः न्यूमोनिया आणि हृदयविकाराने वारले.

महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवणं हे गुन्हे ठरवले. आपल्यातल्या काहींना तो कायदा प्रार्थनेवर आलेलं संकट वाटतो. मला तसं वाटत नाही. ब्लूमहार्टांची पूर्ण सेवा या कायद्यासमोर ठेवली तर मला तरी त्यात अडेल असं काही दिसत नाही. आपली अडत असेल तर आपण काय करतो आहोत ते तपासायला हवं. प्रार्थनेआधी रुग्णाला त्याच्या गोळ्या चालू आहेत ना हे विचारणं, इन्सुलिन किंवा टीबीचा कोर्स डॉक्टरच्या सांगण्याशिवाय एक दिवसही सोडू नकोस हे स्पष्ट बजावणं, हे प्रार्थनेला कमीपणा आणत नाही. देवाने बरं केलं असेल तर रक्ताच्या तपासणीतही ते दिसेल. त्या अहवालाची भीती ज्याला वाटते, त्याला स्वतःच्या साक्षीवरच भरवसा नाही.

न पटलेले आणि न बरे झालेले

म्योटलिंगेनवर धर्मशास्त्रज्ञांचं एकमत कधीच झालं नाही. विसाव्या शतकात रुडॉल्फ बुल्टमान यांना या गोष्टींची शिसारी होती आणि ते त्यांनी उघड लिहिलं. कार्ल बार्थ यांनी मात्र ‘येशू विजयी’ या आरोळीलाच आपल्या धर्मशास्त्राच्या एका विभागाचं शीर्षक केलं. दोघांपैकी बार्थ मला जवळचे, पण बुल्टमान यांचा आक्षेप फेकून देण्यासारखा नाही. ज्या विश्वासाला सारखे चमत्कार लागतात, तो येशूकडे पाहायचं थांबवतो.

हे सर्वांत तीव्रपणे उमगलं ते ब्लूमहार्टांच्या मुलाला. क्रिस्टोफ ब्लूमहार्ट 1842 मध्ये, त्या झगड्याच्या वर्षीच जन्मले. वडिलांमागे त्यांनी काम सांभाळलं, मोठी गर्दी खेचली आणि मग 1880 च्या दशकाअखेरीस गर्दीकडे पाठ फिरवली. लोकांना देवाचं राज्य नको, फक्त आपली दुखणी उतरवून हवीत, ही त्यांची खंत होती. पुढे ते कामगारांच्या बाजूने समाजवादी पक्षात गेले आणि 1900 मध्ये वुर्टेम्बर्गच्या विधानसभेत निवडून आले. 1892 मध्ये त्यांच्याकडे चौदा वर्षांचा एक अस्वस्थ मुलगा आणला होता, पुढे मोठा जर्मन कादंबरीकार झालेला हेर्मान हेस्से, बासेल मिशनच्याच घराण्यातला. त्याच्या आईचा जन्म केरळातला. त्याने रिव्हॉल्व्हर मिळवून जीव द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा क्रिस्टोफ यांनी त्याला मनोरुग्णांच्या संस्थेत पाठवण्याचा सल्ला दिला. ती संस्था त्या मुलाला मुळीच मानवली नाही, तो निर्णय बरोबर होता असं मी म्हणत नाही. पण ‘येशू विजयी’च्या घराण्यातल्या माणसाने इथे माझं काम संपलं असं मान्य केलं, याची नोंद घ्यावीशी वाटते.

थोरल्या ब्लूमहार्टांनी 1852 मध्ये बाड बोल इथली गंधकाच्या झऱ्यांची जुनी स्नानवास्तू घेतली. राजा पहिला विल्हेल्म यांनी तो व्यवहार सुकर केला. थकलेली, आजारी, मनाने खचलेली माणसं तिथे येऊन राहू लागली. सगळी बरी झाली नाहीत. जी झाली नाहीत त्यांनाही ताटावरून उठवलं गेलं नाही, आणि तुमचा विश्वास कमी पडला असं ऐकवलं गेलं नाही. माझ्या दृष्टीने आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या कुठल्याही सेवेची पारख इथे होते: न बरा झालेला माणूस पुढच्या रविवारी तिथे तोंड दाखवू शकतो का?

आणि गॉट्लीबिन. प्रकरण तिचं, पण तिचा आवाज आपल्यापर्यंत जवळजवळ फक्त पाळकाच्या लेखणीतून येतो, ही या कागदाची मोठी उणीव आहे. तरी पुढचं कळतं. ती ब्लूमहार्ट कुटुंबात राहायला गेली, मुलं सांभाळली, त्यांच्याबरोबर बाड बोलला आली. 1855 मध्ये तिने थिओडोर ब्रोडेरसन यांच्याशी लग्न केलं. तेही तिथे रुग्ण म्हणून आले होते. तिला मुलं झाली. मनाने बिघडलेल्या पाहुण्यांना कसं हाताळायचं याची तिची समज असामान्य होती, आणि ब्लूमहार्ट त्या बाबतीत तिच्यावर भिस्त ठेवत. ज्या बाईला एकेकाळी प्रार्थनेला हात जोडता येत नव्हते, तिचं मत आता पाळक विचारत होते. 1872 च्या जानेवारीत, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ती वारली. ब्लूमहार्ट तिच्यामागे आठ वर्षं जगले.